वडाच्या फळापासून प्लोटिनसपर्यंत: अद्वैत आणि जुने ग्रीक सोबत कसे वाचायचे

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात आमचा एक छोटा वाचन ग्रुप आहे, आठ-दहा जण, रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि मग दीड-दोन तास एकच मजकूर मोठ्यानं वाचतो. मध्ये एकदा ठरलं की उपनिषदं आणि जुने ग्रीक सोबत वाचायचे, कारण दोन्हीकडे "सगळं एकच आहे" असं म्हटलंय हे प्रत्येकानं कुठे ना कुठे ऐकलेलं होतं. मी हौसेनं एक तक्ता करून नेला. डावीकडे ब्रह्म, माया, जीव, मोक्ष आणि उजवीकडे त्यांच्यासमोर प्लोटिनस, पार्मेनिडीज या ग्रीक तत्त्वज्ञांचे शब्द, 'एक', 'मर्त्यांचं मत' वगैरे. चार रविवारात तक्ता भरून संपला आणि आमच्यातल्या एक काकू, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या, शांतपणे म्हणाल्या, अरे दोन्हीकडे तेच असेल तर दुसरं वाचायचं कशाला?

या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं. तक्ता बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी शब्दाला शब्द न जुळवता फक्त एवढंच विचारत की हा माणूस कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि तिथपर्यंत तो पोचला कसा. तेव्हा कुठे दोन्ही पुस्तकं खरी उघडली. खाली लिहितोय ते त्या दुसऱ्या वाचनावरून, ज्यांना घरी किंवा चार मित्रांत हे करून बघायचंय त्यांच्यासाठी. ग्रीक आमच्यात कोणालाच येत नाही, इंग्रजी भाषांतरं घेतो, पण एक पथ्य पाळतो: एकाच उताऱ्याची दोन वेगळ्या माणसांनी केलेली भाषांतरं समोर ठेवायची. जिथे दोघांचे शब्द फार वेगळे पडतात तिथे मूळ वाक्य अवघड आहे हे कळतं आणि आपण त्यावर घाईनं इमारत उभी करत नाही.

सुरुवात वडापासून

शंकराचार्यांपासून सुरू करू नका. ब्रह्मसूत्रभाष्य उघडलं की पहिल्या पानावर दमछाक होते आणि मग लोक सारांशाच्या व्हिडिओंकडे वळतात. छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय घ्या, फक्त तेवढाच, १६ खंड आहेत, सावकाश वाचलं तरी एका बैठकीत होतो. श्वेतकेतू १२ वर्षांचा असताना गुरुकडे गेला, २४ व्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ होऊन घरी आला, आणि बाप उद्दालक त्याला विचारतो की ते एक काय आहे जे कळल्यावर न ऐकलेलं ऐकलेलं होतं, हे विचारलंस का गुरूंना? इथून पुढे जे चालतं ते बापलेकाचं बोलणं आहे, 'सोम्य' अशी हाक मारत मारत, आणि 'तत्त्वमसि' त्यात नऊ वेळा येतं.

आम्ही वाचायला बसायच्या आधी कमाटीबागेतून वडाची फळं आणली होती, हे नक्की करा, पोरकटपणा वाटला तरी करा. उद्दालक मुलाला तेच सांगतो, न्यग्रोधाचं म्हणजे वडाचं फळ आण, फोड, आत काय दिसतं, बारीक दाणे, त्यातला एक फोड, आता काय दिसतं, काही नाही. मग तो म्हणतो की हे जे तुला दिसत नाही ना, त्या अणिम्यातूनच, म्हणजे अतिसूक्ष्मातूनच, हा एवढा मोठा वड उभा आहे. आपल्या गावाचं नावच वडावरून पडलेलं, वटोदर, वडाच्या पोटातलं, लहानपणापासून हे ऐकतोय, पण तो दाणा नखानं फोडून "काही दिसत नाही" हे स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितलं तेव्हा जे झालं ते शंभर वेळा वाचून झालं नसतं. पुढच्याच खंडात पाण्यात मीठ विरघळवायचा प्रयोग आहे, तोही रात्री करून ठेवा आणि सकाळी वरून, मधून, खालून चाखा.

आता अभ्यासाची गोष्ट. दुसऱ्या खंडात एक वाक्य आहे ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या. उद्दालक आधी सांगतो "सदेव सोम्येदमग्र आसीदेकमेवाद्वितीयम्", म्हणजे आधी फक्त सत् होतं, एकच, दुसरं नसलेलं. मग म्हणतो की काही लोक असत् आधी होतं असं मानतात, आणि लगेच विचारतो, "कथमसतः सज्जायेत", नसलेल्यातून असलेलं जन्मेलच कसं? हा युक्तिवाद आहे, नुसती घोषणा नाही, आणि ग्रीकांकडे जाताना हातात हेच वाक्य घेऊन जायचं.

पार्मेनिडीज, आणि जिथे वाटा फुटतात ती जागा

पार्मेनिडीज इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एलिआ नावाच्या ग्रीक वसाहतीतला, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला. त्यानं एकच कविता लिहिली, होमरच्या छंदात, तिच्या साधारण १६० ओळी आज उरल्यात, आणि त्याही मुख्यतः सिंप्लिसिअस नावाच्या माणसामुळे, ज्यानं जवळपास हजार वर्षांनी, सहाव्या शतकात, ही कविता आता फार दुर्मीळ झालीय म्हणून आपल्या टीकाग्रंथात लांबलचक उतारे उतरवून ठेवले. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, आपल्याकडे ज्यांनी पोथ्या नकलून ठेवल्या त्यांच्या रांगेतला.

कविता सुरू होते रथात. सूर्याच्या मुली एका तरुणाला रात्र आणि दिवसाच्या दरवाज्यातून देवीकडे नेतात आणि देवी त्याला दोन रस्ते सांगते, एक सत्याचा आणि एक मर्त्य माणसांच्या मताचा. तुकडा क्रमांक ८ हा मुख्य, सगळ्यात लांब, तो दोनदा वाचा. त्यात देवी विचारते की जे आहे ते जन्मलं असं म्हणतोस तर कशातून जन्मलं? नसलेल्यातून म्हणता येत नाही, कारण नसलेलं बोलताही येत नाही आणि विचारातही आणता येत नाही. आणि शून्यातून सुरू व्हायचं असतं तर आधी न होता नेमकं तेव्हाच व्हायची गरज त्याला का पडली असती?

इथे आमच्या बैठकीत सगळे एकदम वहीकडे बघायला लागले. कथमसतः सज्जायेत. तोच प्रश्न आहे. एवढंच नाही, थोडं पुढे देवी म्हणते की मर्त्यांनी ठरवलेल्या सगळ्या गोष्टी, जन्मणं-मरणं, असणं-नसणं, जागा बदलणं, रंग बदलणं, ही नावं आहेत. आणि उद्दालक म्हणतो "वाचारम्भणं विकारो नामधेयं मृत्तिकेत्येव सत्यम्", मडकं, पणती, परळ ही बोलण्यातली नावं, खरी ती माती.

बस, इथेच थांबायचं आणि घाईनं "एकच आहे" म्हणायचं नाही, कारण पुढच्या चार ओळीत वाटा फुटतात. उद्दालकाचं सत् पुढे काय करतं? ते बघतं आणि म्हणतं, "बहु स्यां प्रजायेय", मी पुष्कळ व्हावं, जन्मावं, आणि मग तेज, पाणी, अन्न होत जातं. म्हणजे असत् मधून सत् होत नाही हे पक्कं, पण सत् मधून जग व्हायला त्याची हरकत नाही. पार्मेनिडीजची देवी हेही होऊ देत नाही. जे आहे ते अजन्मा, अविनाशी, अखंड, न हलणारं, सगळीकडून सारखं, गोल चेंडूसारखं पूर्ण, त्याच्यातून दुसरं काही निघायला जागाच नाही. ती युक्तिवाद शेवटपर्यंत ताणते. (कवितेच्या दुसऱ्या भागात ती जगाची उत्पत्ती सांगतेही, पण आधीच बजावून ठेवते की आता ऐकशील ती माझ्या शब्दांची फसवी मांडणी आहे. हा भाग मग तिनं सांगितलाच का यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, त्यामुळे तुमच्या ग्रुपमध्ये झालं नाही तर काळजी करू नका.)

म्हणून माझं मत असं की पार्मेनिडीजच्या शेजारी उद्दालक थोडा वेळच बसतो, खरा शेजारी गौडपाद आहे, शंकराचार्यांच्या आधीचे अद्वैताचे आचार्य. मांडूक्य उपनिषदात जेमतेम १२ मंत्र आणि त्यावर गौडपादांच्या २१५ कारिका, म्हणजे विवरणाचे श्लोक, चार प्रकरणांत, आणि तिसऱ्याच्या शेवटी ते म्हणतात "न कश्चिज्जायते जीवः", कोणी जन्मतच नाही, ज्यात काहीच जन्मत नाही तेच उत्तम सत्य. याला अजातवाद म्हणतात. हे वाक्य देवीच्या तोंडी घातलं तर शोभेल. पण मग चौथं प्रकरण वाचा, अलातशांती, पेटतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं वर्तुळ दिसतं, थांबवलं की वर्तुळ कुठे जात नाही कारण ते आलंच नव्हतं, आणि गौडपाद म्हणतात की तसंच हे सगळं विज्ञानाचं, म्हणजे जाणिवेचं, स्पंदन. इथे पुन्हा फरक. गौडपादांचं 'एक' हे जाणीव आहे. पार्मेनिडीजचा एक छोटा तुकडा आहे, 'विचार करणं आणि असणं एकच' असा त्याचा अर्थ लावतात, पण त्या ग्रीक वाक्याची भाषांतरं इतकी वेगवेगळी आहेत की त्याच्यावर चैतन्य-ब्रह्म लादायला माझं मन धजत नाही.

चूक कोण करतंय, हा प्रश्न

शंकराचार्य आता उघडा. भाष्याच्या सुरुवातीची प्रस्तावना, अध्यासभाष्य म्हणतात तिला, तेवढीच पुरते. तिथे त्यांनी व्याख्या दिलीय, "अध्यासो नाम अतस्मिंस्तद्बुद्धिः", जे ते नाही त्यावर ते असल्याची बुद्धी. दोरीवरचा साप सगळ्यांना माहितीय पण वडोदऱ्यात राहून साप कशाला हवा, विश्वामित्रीच्या पुलावर संध्याकाळी उभे राहा, लाकडाचा ओंडका वाहत येतो आणि कोणीतरी ओरडतं मगर, मगर, आणि पाच मिनिटं सगळा पूल मगर बघतो. भीती खरी, धडधड खरी, मगर नाही. आणि ओंडका दिसल्यावर मगर "निघून गेली" असं कोणी म्हणत नाही.

या उदाहरणावर ग्रुपमध्ये पूर्ण एक रविवार द्या, कारण यातून अद्वैताचे तीन मजले समजतात, ओंडक्यावरची मगर हे प्रातिभासिक, ओंडका आणि पूल आणि आपण हे व्यावहारिक, आणि ज्याच्या ज्ञानानं हे व्यावहारिकही मगरीसारखंच ठरतं ते पारमार्थिक. ग्रीकांशी तुलना करताना लोक सगळ्यात जास्त गोंधळ इथे घालतात. पार्मेनिडीजकडे दोन रस्ते आहेत, मजले नाहीत. आणि आणखी महत्त्वाचं, शंकराचार्यांचं पहिलं वाक्यच 'युष्मद्' आणि 'अस्मद्' यांनी सुरू होतं, 'तू' म्हणून कळणारं आणि 'मी' म्हणून कळणारं, अंधार-उजेडासारखे विरुद्ध, तरी आपण त्यांची भेसळ करतो. त्यांची सगळी काळजी या 'मी'ची आहे. पार्मेनिडीज माणसांना दोन डोक्यांची, भरकटलेली म्हणतो, पण चुकणारा तो कोण आणि तो सुटतो कसा, हे त्याच्या उरलेल्या ओळींत येत नाही. तिथे बंध नाही, मोक्ष नाही. एका तरुण मुलानं आमच्याकडे विचारलं की मग पार्मेनिडीजला अद्वैती म्हणायचं का, आणि मला वाटतं बरोबर उत्तर असं की वस्तूंच्या बाबतीत हो, 'मी'च्या बाबतीत त्यानं प्रश्नच घेतलेला नाही.

हेराक्लिटसबद्दल थोडं

हा एफेससचा, पार्मेनिडीजच्या थोडा आधीचा किंवा बरोबरीचा. "एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही" एवढ्यावरच लोक त्याला संपवतात, पण ज्या रूपात ते वाक्य सगळ्यात विश्वासार्ह मानलं जातं ते असं आहे की त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवरून वेगवेगळं पाणी वाहत जातं. म्हणजे नदी तीच आहे, पाणी बदलतंय म्हणूनच ती नदी आहे. हे लक्षात ठेवलं की त्याचं दुसरं वाक्य पटतं, माझं नको, त्या 'लोगोस'चं, म्हणजे सगळ्याला धरून असलेल्या सूत्राचं, ऐकून सगळं एक आहे हे मान्य करणं शहाणपणाचं. आणि तिसरं, देव म्हणजे दिवस-रात्र, हिवाळा-उन्हाळा, युद्ध-शांती, तो वेगवेगळा होतो जसा अग्नी, ज्यात धूप मिसळले की प्रत्येकाच्या वासावरून त्याला नाव पडतं. याच्या शेजारी कठोपनिषद ठेवा, "अग्निर्यथैको भुवनं प्रविष्टो रूपं रूपं प्रतिरूपो बभूव". दोन्ही मोठ्यानं वाचा, समजावून सांगायची गरज पडत नाही. फरक एवढाच दाखवून द्या की हेराक्लिटसचं ऐक्य धनुष्याच्या ताणासारखं आहे, दोन टोकं एकमेकांना ओढतात म्हणून ते आहे, ओढ संपली तर धनुष्यही संपलं, आणि वेदांतात द्वंद्वाच्या पलीकडे जायचं असतं.

इथे आपल्या गावाची आणि मराठीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरविंद घोष केंब्रिजमध्ये ग्रीक-लॅटिन शिकून १८९३ ला बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, १९०६ पर्यंत इथे होते, कॉलेजात शिकवलं, संस्कृत इथेच पक्कं केलं, दांडिया बाजारात त्यांचं घर आजही आहे. १९०७-०८ च्या हिवाळ्यात ते पुन्हा इथे आले तेव्हा विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर इथल्याच एका वाड्यात बसून त्यांना मन पूर्ण शांत झाल्याचा अनुभव आला. पुढे १९१६-१७ मध्ये त्यांनी हेराक्लिटसवर लेखमाला लिहिली, आणि ती लिहायला निमित्त झालं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या प्रा. रा. द. रानड्यांच्या, म्हणजे निंबाळच्या गुरुदेव रानड्यांच्या, हेराक्लिटसवरच्या एका छोट्या निबंधाचं. अरविंदांची त्यातली तक्रार मला महत्त्वाची वाटते, हेराक्लिटसनं शक्ती पाहिली, बुद्धी पाहिली, आनंद मात्र त्याच्याकडून निसटला. तुलना कशी करायची त्याचा हा नमुना आहे, आपुलकीनं वाचायचं आणि कुठे कमी पडतं ते नेमकं बोट ठेवून सांगायचं.

प्लोटिनससाठी सहा रविवार तरी ठेवा

प्लोटिनस या सगळ्यात मोठा आणि आपल्या माणसाला सगळ्यात ओळखीचा वाटणारा. जन्म साधारण इ.स. २०४-०५, अलेक्झांड्रियात अम्मोनिअस या गुरूपाशी ११ वर्षं राहिला. मग ३९ व्या वर्षी त्याला इराणी आणि भारतीय लोकांचं तत्त्वज्ञान शिकायची इतकी ओढ लागली की तो रोमन सम्राट गॉर्डिअनच्या इराणवरच्या स्वारीत सामील झाला, सम्राट २४४ मध्ये तिकडेच मेला, प्लोटिनस कसाबसा अँटिऑकला निसटला आणि ४० व्या वर्षी रोमला जाऊन शिकवायला लागला. हे सगळं त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. म्हणजे यायला निघाला होता, पोचला नाही. त्याच्यावर उपनिषदांचा प्रभाव होता का यावर एक अख्खी सकाळ घालवू नका, पुरावा नाही, आणि वाद फक्त "आपल्याकडे आधी होतं" आणि "त्यांच्याकडे स्वतंत्र होतं" असा दोन बाजूंनी फिरत राहतो. आमच्यातले एक आजोबा दर वेळी हे काढायचे, त्यांचा अभिमान मला समजतो, माझ्यातही आहे, पण शेवटी त्यांनाच विनंती केली की आजोबा, आधी होतं असं धरून चालू, आता त्यानं काय म्हटलंय ते वाचून दाखवा. त्यानंतर ग्रुपमधला सगळ्यात चांगला वाचक तेच झाले.

पॉर्फिरीनं गुरूचे ५४ निबंध नऊ-नऊच्या सहा गटांत लावले म्हणून पुस्तकाचं नाव 'एनिअड्स', नवकं म्हणा. पहिल्या पानापासून वाचू नका, ती रांग पॉर्फिरीची आहे. सौंदर्यावरचा पहिल्या गटातला सहावा निबंध आधी घ्या, तो सोपा आणि सुंदर आहे, मग पाचव्यातला पहिला, आणि मग अगदी शेवटचा, सहाव्या गटातला नववा, 'एक'बद्दलचा.

ढोबळ चित्र असं की सगळ्याच्या मुळाशी 'एक', त्याच्यातून झरा न आटता वाहावा तशी बुद्धी, तिच्यातून जीव, आणि मग हे जग, आणि आपल्याला उलट पावली परत जायचंय, बाहेर कुठे नाही, आत. त्या एकाकडे जायचं कसं तर तो म्हणतो, सगळं काढून टाक. इथे उपनिषदातलं 'नेति नेति', हे नाही, हेही नाही, आठवतंच आणि आठवू द्या. पण खरा विषय पुढे आहे आणि आमचे तीन रविवार यातच गेले.

प्लोटिनस म्हणतो की ते 'एक' विचार करत नाही, जाणत नाही. का? कारण जाणायला दोन लागतात, जाणणारा आणि जाणलं जाणारं, आणि दोन आले की ते एक राहिलं नाही. म्हणून जाणणं एक पायरी खाली, बुद्धीच्या पातळीवर. आणि ते 'एक' असण्याच्याही पलीकडे, हे तो प्लेटोकडून घेतो. आता बृहदारण्यक उघडा, याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात, "यत्र हि द्वैतमिव भवति तदितर इतरं पश्यति", जिथे जणू द्वैत असतं तिथे एक दुसऱ्याला बघतो, पण जिथे सगळं आत्माच झालं तिथे कोण कशानं कोणाला बघणार, जाणणाऱ्याला कशानं जाणणार? अगदी तोच युक्तिवाद, जाणायला दोन लागतात. आणि निष्कर्ष? त्याच उपनिषदात चौथ्या अध्यायात गाढ झोपेबद्दल बोलताना याज्ञवल्क्य म्हणतात, "न हि द्रष्टुर्दृष्टेर्विपरिलोपो विद्यते", बघणाऱ्याचं बघणं कधी लोपत नाही, बघायला दुसरं नसतं एवढंच. प्लोटिनसनं दोनपणाबरोबर जाणीवही खाली ठेवली, याज्ञवल्क्यांनी दोनपण काढलं आणि जाणीव ठेवली, ती जाणीव म्हणजेच ते. तैत्तिरीय म्हणतं "सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म", आणि प्लोटिनस यातला 'ज्ञान' शब्द त्याच्या एकाला लावायला तयार होणार नाही, 'सत्य' हा शब्दही अडखळतच लावेल. (काही जागी तो म्हणतो की त्या एकाला एक प्रकारची स्वतःची जाग आहे, आपल्या विचारासारखी नसलेली. त्या जागा सापडल्या की खूण करून ठेवा, आमच्यात दोन तट त्यावरूनच पडलेत.)

माझा तक्ता इथे फाटला होता. ब्रह्मासमोर 'एक' लिहिलं की ही सगळी मौज, म्हणजे जाणीव दोघांशिवाय राहते का हा एवढा मोठा प्रश्न, दिसेनासाच होतो.

कुठलं अद्वैत, हे विचारायचं विसरू नका

आपण मराठी माणसं अद्वैत म्हटलं की शंकराचार्य धरतो. पण गल्लीच्या टोकाला वैष्णवांची हवेली, म्हणजे त्यांचं मंदिर, आहे, तिथे वल्लभाचार्यांचं शुद्धाद्वैत आहे. सोन्याचा दागिना घडला तरी सोनं बदलत नाही तसं ब्रह्मच जग झालंय, जग खरं आहे, खोटा आहे तो आपला मी-माझेपणाचा संसार. आणि घरात देव्हाऱ्यापाशी ज्ञानेश्वर आहेत. अमृतानुभवाचं सातवं प्रकरण, अज्ञानखंडन, नक्की घ्या, तिथे माउली अज्ञान नावाची गोष्टच शिल्लक ठेवत नाहीत आणि जे दिसतं ते त्या एकाचंच स्वतःला बघणं म्हणून समोर येतं.

प्लोटिनसचा एक निबंध आहे, दुसऱ्या गटातला नववा, जग वाईट आहे आणि ते घडवणाराही वाईट आहे असं म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध, आणि तो तिथे चिडून लिहितो, इतकं सुंदर जग तुम्हाला वाईट दिसतं कसं! हे वाचल्यावर तुमच्या मनात दोरी-साप येणार नाही, हवेलीतल्या देवाचा शृंगार येईल, नाहीतर अमृतानुभव. त्याला शंकराचार्यांसमोरच बसवायची सवय आपल्याला कशी लागली कोण जाणे, मला तो या दोघांच्या जवळचा वाटतो.

आणि विरोधकाला बोलवा. ग्रीकांकडून अ‍ॅरिस्टॉटल, तो पार्मेनिडीजला म्हणतो की 'आहे' हा शब्द तू एकाच अर्थानं घेतलास, तो अनेक अर्थांनी बोलला जातो. आपल्याकडून बौद्ध शांतरक्षित, आठव्या शतकातला, त्याचा तत्त्वसंग्रह १९२६ मध्ये आपल्याच गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत छापला गेला. तो उपनिषदवाल्यांबद्दल म्हणतो की यांची चूक लहानशी आहे, ज्ञानाला नित्य म्हणतात एवढीच. आणि मग अडचण टाकतो की ज्ञान एकच आणि नित्य असेल तर रंग, आवाज, चव सगळं एकदमच कळायला हवं, एकामागून एक का कळतं? वडाचा दाणा फोडल्यावर आम्हाला जे वाटलं होतं ते या प्रश्नासमोर टिकतं का हे बघायला आम्ही दोन आठवडे घेतले. काकूंनी साक्षी (नुसती बघणारी जाणीव) आणि वृत्ती (मनात एकामागून एक उठणारं ज्ञान) यांचा फरक मांडून उत्तर दिलं, दिवा एकच, त्याच्यासमोरून वस्तू एकेक जातात. आजोबांना ते पुरेसं वाटलं नाही, कारण मग समोरून जाणारं ते दुसरं कुठून आलं? यावर अजून बोलणं चालू आहे.

वहीत प्रत्येक उताऱ्याखाली तीनच ओळी लिहा: प्रश्न काय, युक्तिवाद काय, आणि 'मी' त्यात कुठे आहे. ग्रुप दहाच्या वर नेऊ नका. छांदोग्य आणि पार्मेनिडीज मिळून तीन रविवार, गौडपाद आणि अध्यासभाष्य तीन, हेराक्लिटसला एक, प्लोटिनसला सहा, अमृतानुभव आणि शांतरक्षित पुढच्या फेरीला ठेवलेत तरी चालतील. पावसाळ्यात मध्ये खंड पडतोच, विश्वामित्री चढली की पलीकडच्या लोकांना येता येत नाही, तेव्हा फोनवर एकमेकांना मैत्रेयी-याज्ञवल्क्य संवाद वाचून दाखवा, लहान आहे, एका कॉलमध्ये होतो.